ब्रेक गेला, म्हणजे नेमके काय झाले?

अपघात झाला की पहिले वाक्य ठरलेले असते, "ब्रेकच लागला नाही हो." घरचे तेच सांगतात, गावही तेच सांगते. पण तीच गाडी मिस्त्र्याने उघडली की बहुतेक वेळा आतून जुनी हकीकत निघते. शेवटच्या आट्यापर्यंत आवळलेला नट, गुळगुळीत झालेले लायनर, तारेने बांधलेली केबल. यातले काहीही एका दिवसात होत नाही. मोटारसायकलचा ब्रेक क्वचितच एकाएकी जातो. तो आठवडेच्या आठवडे जात असतो, आणि पायाला, हाताला, कानाला तसे सांगतही असतो. तो काय सांगतो आणि ऐकले नाही तर पुढे काय करायचे, हे यवतमाळ जिल्ह्यातले रस्ते आणि गाड्या डोळ्यांपुढे ठेवून इथे मांडले आहे.

इथले रस्ते, इथली ओझी

यवतमाळ शहर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास, पठारावर वसले आहे. पुसद चहूबाजूंनी डोंगरांनी वेढलेले. पुसदहून वाशिमकडे निघाले की खंडाळ्याचा घाट लागतो. वणीच्या बाजूला रस्ता बराचसा सपाट, पण तिथे कोळशाचे ट्रक. पांढरकवड्यावरून नागपूर-हैदराबाद महामार्ग जातो आणि त्यावर वाहने थांबायला तयार नसतात. गावातून शेतात जायचे तर पांदण रस्ता. पावसाळ्यात ती काळी माती चाकाला, मडगार्डला आणि ब्रेकला लिंपल्यासारखी बसते. त्यातच टिपेश्वरच्या बाजूने किंवा कोणत्याही वावराच्या कडेने अंधारात रोही आडवा येतो. रानडुक्कर तर झुंडीने येते.

या सगळ्यातून जी गाडी जाते ती बहुधा १०० किंवा १२५ सीसीची. अशा गाड्या साधारण सव्वाशे ते दीडशे किलो वजन वाहण्याच्या हिशेबाने बनवलेल्या असतात. दोन धडधाकट माणसे बसली की तो हिशेब तिथेच संपला. मागच्याच्या मांडीवर ४५ किलोची युरियाची गोणी, हँडलला फवारणी पंप, टाकीवर लेकरू, हे सगळे त्यावरचे. जोर वाढला नाही म्हणून इंजिन कुरकुरते आणि आपण खालचा गिअर टाकतो. ब्रेक मात्र तेवढ्याच जाडीच्या लायनरावर ते सारे ओझे थांबवत राहतो. तो कुरकुरला तरी इंजिनाच्या आवाजात ऐकू येत नाही.

ड्रमच्या आत

आपल्याकडच्या बहुसंख्य गाड्यांचे मागचे चाक ड्रम ब्रेकचे, आणि साध्या मॉडेलांत पुढचेही. रचना सोपी आहे. चाकाच्या तुंब्यात चंद्रकोरीच्या आकाराचे दोन शू, त्यांवर चिकटवलेले लायनर. पायाचा ब्रेक दाबला की लांब रॉड ओढला जातो, रॉड एक छोटी लिव्हर फिरवतो, लिव्हरला जोडलेला कॅम आत वळतो आणि दोन्ही शू फाकून ड्रमच्या आतल्या भिंतीला घासतात.

लायनर झिजले की शूला जास्त फाकावे लागते, म्हणून पायडल जास्त खाली जाते. बहुतेक गाड्यांत ब्रेक धरायला लागण्याआधी पायडल २० ते ३० मिलिमीटर मोकळे हलावे अशी अपेक्षा असते. त्याहून जास्त हलू लागले की आपण गॅरेजात उभे राहतो, "भाऊ, मांगचा ब्रेक जरा टाइट करून द्या." मिस्त्री रॉडच्या टोकाचा नट चार आटे फिरवतो आणि काम झाले. पैसेही घेत नाही कित्येकदा. गाडी पुन्हा पहिल्यासारखी थांबते, आणि त्यामुळेच लायनर किती उरले हे कोणी पाहत नाही.

ते पाहण्यासाठी चाक खोलावे लागत नाही. मागच्या चाकाजवळ, लिव्हरच्या मुळाशी बऱ्याच गाड्यांत पत्र्याचा एक बारीक बाण असतो आणि ब्रेक प्लेटवर त्यासाठी खूण कोरलेली असते. दुसऱ्याला पायडल पूर्ण दाबायला सांगायचे आणि आपण खाली वाकून बघायचे. बाण खुणेला टेकला तर लायनर संपले. मग नट आवळण्यात अर्थ नाही, शू बदलायचे. ही खूण कंपनीने खास गाडीवाल्यासाठी ठेवली आहे आणि दहा जणांना विचारले तर नऊ जणांना ती ठाऊक नसते.

इथे एक जुगाड चालतो, तो सांगितलाच पाहिजे. नट शेवटपर्यंत गेला, आणखी आवळायला आटे उरले नाहीत, की काही ठिकाणी लिव्हर काढून एक-दोन दाते मागे बसवून देतात. नटाला पुन्हा जागा मिळते. गिऱ्हाईक खूश, शंभर-दोनशेचा शू वाचला. पण आत लायनर आता कागदाएवढे असते आणि कॅम त्याच्या ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वळू लागतो. एखाद्या दिवशी जोरात ब्रेक मारला की तो आडवा होऊन तिथेच अडकतो. मग शू परत येत नाहीत आणि चाक जागीच जाम होते. लोक याला "ब्रेक चिकटला" म्हणतात. दात मागे घेऊन दिलेली गाडी चालवण्यापेक्षा गॅरेजात ठेवून एसटीने घरी गेलेले बरे.

लायनर जाड असूनही ब्रेक लागत नाही, असेही होते. पृष्ठभाग तापून तापून काचेसारखा चकचकीत झालेला असतो, किंवा चाकाच्या बेअरिंगचे सील फुटून ग्रीस आत उतरलेले असते. चकाकी असेल तर ती पॉलिश पेपरने मोडता येते. ग्रीस प्यायलेले लायनर मात्र पुसून, पेट्रोलने धुऊन सुधारत नाही. तापले की ते ग्रीस पुन्हा वर येते. आणि ड्रम उघडल्यावर आतली भुकटी तोंडाने फुंकू नका. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असे, ते फुप्फुसात जाणे वाईट. ओल्या फडक्याने टिपून घ्यावी.

पाण्याचे वेगळे. रपट्यावरून पाणी वाहत असताना गाडी घालूच नये. सप्टेंबर २०२१ मध्ये उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यात अख्खी एसटी बस वाहून गेली, तिथे मोटारसायकलची काय कथा. पण घोटाभर पाण्यातून किंवा चिखलातून गाडी निघाली असेल तर पुढची शंभरेक पावले ड्रम ओला असतो आणि ब्रेक जवळजवळ लागत नाही. हळू चालवत पायडल थोडे थोडे दाबून धरावे. उष्णतेने ओल उडते आणि पकड परत येते. हे केल्याशिवाय वेग वाढवू नये.

पंक्चरनंतरचा नट

मागचे पंक्चर काढताना चाक उतरवावे लागते, आणि चाक उतरवायचे तर ब्रेकचा रॉड सोडावा लागतो. शिवाय ब्रेक प्लेटला मागच्या चिमट्याशी बांधून ठेवणारी एक लोखंडी पट्टी असते, तिचाही बोल्ट काढावा लागतो. अंधार पडलेला, पाऊस चालू, गिऱ्हाईक घाई करते. रॉडचा नट घाईत दोनच आटे बसतो, पट्टीच्या बोल्टाची कॉटर पिन हरवते आणि तिच्या जागी तारेचा तुकडा येतो.

रॉडचा नट निसटला तर पायडल खाली लटकते, मागचा ब्रेक संपला. पट्टी सुटली तर प्रकार आणखी भयंकर. ब्रेक मारताच सगळी प्लेट चाकाबरोबर गरकन फिरते, रॉड वाकवते आणि चाक अडवते. म्हणून पंक्चर काढून झाल्यावर किल्ली लावण्याआधी दोनच गोष्टी बघायच्या. रॉडच्या टोकाला नटाच्या बाहेर आटे दिसतात का, आणि पट्टीच्या दोन्ही टोकांना बोल्ट व पिन आहे का. पायडल हाताने दाबून चाक ढकलून पाहावे. दुकानदाराला वाईट वाटले तर वाटू द्या.

डिस्कचे दुखणे निराळे

डिस्क ब्रेकमध्ये रॉड-केबल नाही. हँडलवरच्या छोट्या डबीत तेल असते, लिव्हर दाबली की ते तेल नळीतून खाली जाऊन पिस्टन ढकलते आणि दोन पॅड चकतीला चिमटीत धरतात. तेल दाबले जात नाही, हवा मात्र दाबली जाते. म्हणून नळीत हवेचा बुडबुडा शिरला की लिव्हर स्पंजासारखी लागते. ती हवा काढणे हे मिस्त्र्याचे अर्ध्या तासाचे काम आहे.

तेलाबद्दल गैरसमज फार. हे साधे ऑइल नसते. बहुतेक गाड्यांना डॉट ३ किंवा डॉट ४ प्रतीचे ब्रेक फ्लुइड लागते आणि कोणते ते डबीच्या झाकणावरच लिहिलेले असते. इंजिन ऑइल किंवा हायड्रॉलिक ऑइल टाकले तर आतले रबर फुगते आणि ब्रेक खराब होतो. या फ्लुइडचा स्वभाव असा की ते हवेतली ओल शोषून घेते. नवे डॉट ४ किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ओल प्यायल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरू शकते. डॉट ३ ची २०५ वरून १४० पर्यंत. लांब उतारावर ब्रेक दाबून ठेवला, कॅलिपर तापले, फ्लुइड आतल्या आत उकळले की वाफ होते. वाफही हवेसारखी दबते, आणि लिव्हर पोकळ होऊन थेट मुठीला टेकते. दर दोन वर्षांनी फ्लुइड बदला असे गाडीच्या पुस्तकात लिहिलेले असते, ते यासाठी. इंजिन ऑइल वेळेवर बदलणारा माणूसही ब्रेकचे तेल गाडी विकेपर्यंत तेच ठेवतो. हे मला कधी उमगलेले नाही.

डबीतली पातळी खाली गेली तर नुसती भर घालून मोकळे होऊ नये. पॅड झिजले की पातळी आपोआप उतरते, म्हणून आधी पॅड बघायचे. पॅड ठीक असतील तर कुठेतरी गळती आहे. काळ्या मातीचे दुखणे आणखी वेगळे. कॅलिपर ज्या पिनांवर सरकते त्यांवर चिखल वाळून बसतो, कॅलिपर अडकते आणि पॅड चकतीला घासतच राहतात. गाडी जड चालते, ॲव्हरेज पडते, चकती तापते. पावसाळा संपला की त्या पिना साफ करून ग्रीस लावून घ्यावे.

"पुढचा मारला की पलटी"

गाडी शिकवताना थोरले भाऊ पहिला धडा देतात की पुढच्या ब्रेकला हात लावू नको, गाडी पलटते. हा धडा जन्मभर टिकतो. परिणाम असा की जिल्ह्यातले कितीतरी जण केवळ पायाच्या ब्रेकवर गाडी चालवतात. पुढची केबल गंजून अडकली तरी त्यांना वर्षभर पत्ता नसतो.

भीतीला कारण आहे. रेतीवर, गिट्टीवर, ओल्या शेणावर किंवा वळणात हँडल वाकडे असताना पुढचा ब्रेक झटक्यात मारला तर चाक घसरते आणि माणूस आपटतो. पण त्यावरून पुढचा ब्रेक सोडून देणे घातक. ब्रेक मारला की गाडीचे आणि माणसांचे वजन पुढे झुकते. पुढचे चाक रस्त्याला घट्ट धरते, मागचे हलके होते. म्हणून कोरड्या डांबरी रस्त्यावर गाडी थांबवण्याचे मोठे काम पुढचे चाकच करू शकते. मागच्या चाकावर कितीही जोर लावला तरी ते जाम होऊन फरफटते, इतकेच.

हिशेब करून पाहू. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर. रोही दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला तर १७ मीटर तसेच गेले. पुढे दोन्ही ब्रेक नीट लावले तर चांगल्या रस्त्यावर आणखी २३ मीटरच्या आसपास गाडी थांबते. फक्त मागच्यावर भिस्त ठेवली तर तेच अंतर दुपटीच्या घरात, ४५ मीटरच्या पुढे जाते. वेग ४० असेल तर दोन्ही ब्रेकने एक सेकंदाचा उशीर धरूनही २१-२२ मीटरांत गाडी उभी राहते. ओल्या रस्त्यावर हे सगळे आकडे वाढतात, आणि टायर गुळगुळीत असेल तर ब्रेक कितीही उत्तम असून उपयोग नाही.

सवय बदलायची तर मोकळ्या पटांगणात, कोरड्या जमिनीवर, वीस-पंचवीसच्या वेगाने. हँडल सरळ, दोन बोटे लिव्हरवर, हळूहळू दाब वाढवत न्यायचा. झटका द्यायचा नाही.

पेट्रोल वाचवणारा उतार

खंडाळ्याचा घाट असो की गावाबाहेरची साधी टेकडी, उतार लागला की गाडी न्यूट्रल करायची आणि काही जण तर किल्लीच बंद करतात. वाचणारे पेट्रोल चमचाभर. मोबदल्यात इंजिनाचा फुकटचा ब्रेक आपण सोडून देतो आणि सगळा भार दोन लायनरांवर टाकतो. लायनर आणि ड्रम तापतात, ड्रम फुगून शूपासून दूर जातो, तापलेल्या लायनरची पकड ढिली होते. घाटाच्या शेवटच्या वळणावर पायडल दाबले तरी गाडी पळतच राहते. थंड झाल्यावर तोच ब्रेक पुन्हा उत्तम लागतो, त्यामुळे मिस्त्र्याला दोष सापडत नाही.

ज्या गिअरमध्ये चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतार उतरायचा. ब्रेक सतत हलका धरून ठेवण्यापेक्षा जरा जोरात मारून वेग खाली आणावा आणि सोडावा, म्हणजे मधल्या वेळात तो निवतो. स्कूटरला हा आधार नीट मिळत नाही. तिचा आपोआप चालणारा क्लच वेग कमी झाल्यावर इंजिन सोडून देतो. म्हणून स्कूटरचे दोन्ही ब्रेक जास्त जपावे लागतात.

एबीएस, सीबीएस आणि परत बोलावलेल्या गाड्या

१ एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या १२५ सीसीवरच्या सर्व गाड्यांना एबीएस, आणि १२५ पर्यंतच्या गाड्यांना एबीएस किंवा सीबीएस सक्तीचे झाले. नव्या मॉडेलांना हा नियम त्याआधी वर्षभर लागू होता. सीबीएसमध्ये पायाचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. तो केबलने जोडलेला असल्यामुळे केबल कोरडी पडली की सोय नावापुरती राहते. एबीएस चाक जाम होऊ देत नाही. लिव्हर थरथरली म्हणजे तो काम करतोय, तेव्हा घाबरून हात सैल करू नये. मात्र अनेक गाड्यांत तो फक्त पुढच्या चाकाला असतो, आणि सुट्या गिट्टीवर एबीएस असूनही गाडी थांबायला जास्त अंतर लागू शकते.

कधी दोष कंपनीकडचाच असतो. मे २०१९ मध्ये रॉयल एनफिल्डने ब्रेक कॅलिपरच्या बोल्टसाठी सुमारे ७,००० बुलेट परत बोलावल्या. त्याच वर्षी जुलैत होंडाने पुढच्या ब्रेकच्या मास्टर सिलिंडरसाठी ५०,०३४ गाड्या तपासायला घेतल्या. त्यांत डिस्कवाल्या शाइन आणि ॲक्टिव्हा १२५ होत्या. असे काम मोफत होते. सेकंडहँड गाडी घेतलेल्याला कंपनीचा निरोप पोहोचत नाही, तेव्हा शोरूममध्ये चेसिस नंबर देऊन एकदा विचारून घ्यावे.

ब्रेक लागेनासा झाला तर

पहिले काम, ॲक्सिलरेटर पूर्ण सोडणे. क्लच दाबायचा नाही. दाबला की गाडी मोकळी सुटते, आणि घाबरलेला हात नेमका तोच आवळतो. मग दुसरा ब्रेक. डिस्क पोकळ लागत असेल तर लिव्हर पटापट चार-पाच वेळा दाबावी, बऱ्याचदा दाब परत तयार होतो. त्याच वेळी एकेक गिअर खाली. चौथ्यातून एकदम पहिला टाकला तर मागचे चाक फरफटेल, म्हणून टप्प्याटप्प्याने, क्लच हलके सोडत. किल्ली काढू नये. रात्री लाइट जाईल, आणि हँडल लॉक होण्याचा धोका वेगळाच.

हॉर्न वाजवत राहा आणि चढ शोधा. चढ नसेल तर नांगरलेले वावर, मुरमाचा ढीग, गवताळ कडा. धुऱ्यावरून वावरात उतरणे पुढच्या ट्रकच्या मागच्या फळक्यापेक्षा केव्हाही परवडते. चालत्या गाडीवरून उडी मारू नये. मागे बसलेल्याला आधीच ओरडून सांगावे, "घट्ट धर."

दुपट्टा आणि हेल्मेट

मे महिन्यात पारा ४४-४५ वर असताना डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला आणि हेल्मेट आरशाला लटकलेले, हे दृश्य जिल्हाभर आहे. दुपट्टा उन्हाला पुरतो, डांबराला नाही. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांपैकी ७४,८९७ दुचाकीवरची. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५०,०२९, आणि त्यांत १४ हजारांहून जास्त मागे बसलेले. कायदा दोघांनाही हेल्मेट सांगतो आणि ते आयएसआय खुणेचे, हनुवटीचा पट्टा लावलेले हवे. पातळ सुती फडके आत घातले तर घामाचाही प्रश्न सुटतो.

अपघात झालाच तर १०८ ला फोन करावा. जखमीला नेणाऱ्याला पोलीस ठाण्यात अडकवून ठेवता येत नाही, हे २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यातच आहे. ५ मे २०२५ पासून अपघातग्रस्तावर सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोख न भरता उपचारांची केंद्राची योजनाही लागू आहे. रुग्णालयात तिचे नाव काढावे.

गॅरेजमधून गाडी घेताना

जुने शू किंवा पॅड मागून घ्या आणि तिथेच बघा. एका बाजूने जास्त झिजले असतील तर कॅम किंवा कॅलिपर अडकते आहे, नुसते नवे टाकून भागणार नाही. मागचे चाक स्टँडवर फिरवा, ते मोकळे फिरले पाहिजे. दोन्ही ब्रेक एकेक दाबून मागचा लाल लाइट लागतो का बघा. वणीच्या रस्त्यावर मागच्या ट्रकवाल्याला तेवढीच खूण असते. डिस्कचे पॅड नवे असतील तर पिस्टन मागे ढकललेला असतो आणि पहिल्या दोन-तीन वेळा लिव्हर रिकामीच जाते. तेव्हा गाडी जागेवर उभी असतानाच लिव्हर कडक होईपर्यंत दाबत राहा. नव्या लायनरची पकड पुरती बसायला काही दिवसांचे चालणे लागते. तोवर पुढच्या वाहनापासून जास्त अंतर ठेवा, आणि युरियाची गोणी त्या आठवड्यात ऑटोने येऊ द्या.